अडतीस मिनिटांचं युद्ध

माझ्या मुलाने सैन्यात जाऊ नये, एवढंच मला साधायचं होतं. त्यासाठी सभागृहाचं उद्घाटन व्हावं, दारावर फलक लागावा आणि त्यावर माझं नाव रंगवलेलं असावं, असं माझ्या मनातही नव्हतं. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही.

आमचे चिरंजीव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सकाळी साडेनऊला हाक मारली तर "एवढ्या पहाटे?" असं विचारणारे. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता जाहीर केलं, "मी सैन्यात जाणार आहे." त्याच्या आईने त्याला भात वाढला. मी मात्र ताट बाजूला सारलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. माणूस गेला की त्याचे कागद माझ्या टेबलावर येतात. मरण म्हटलं की इतरांच्या डोळ्यांसमोर काय येतं मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती येतात, त्यातली एक साक्षांकित. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर तरण्या मुलाचं वय वाचलं की मी तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी का सरकवतो, हे दुसऱ्या विभागातल्या माणसांना कळायचं नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. त्यांना आम्ही 'समीक्षक' म्हणतो, कारण ते डब्यातल्या भाजीबद्दलसुद्धा 'पहिला घास आश्वासक, पण उत्तरार्धात ढिली पडते' असं मत देतात. त्यांना मी माझं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, "समजावून सांगू नका. तुम्ही समजावलंत तर तो उद्याच जाईल. त्याला एक सिनेमा दाखवा. युद्धाचा आहे, पण आपल्याला माहीत असतात तसला नाही. हा बघितलेला माणूस सैन्याच्या बँडमध्ये सनई वाजवायलासुद्धा जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पेनड्राइव्हवर आणून दिला. रविवारी घरात कोणी नसताना मी एकट्याने पाहिला. दोन तास दहा मिनिटं. मध्ये दोनदा उठून पाणी प्यायलो आणि एकदा दाराला कडी आहे का बघून आलो.

पहिला सगळा भाग प्रशिक्षणाचा आहे. पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये अकरा मुलं येतात. वय आमच्या चिरंजीवांएवढंच. पहिल्यांदा त्यांचे केस जातात, मग नावं जातात, मग हळूहळू एकमेकांशी बोलणं जातं. त्यांचा ड्रिलमास्तर त्यांना दिवसभर खड्डा खणायला लावतो आणि संध्याकाळी तोच बुजवायला लावतो. एका मुलाने "कशासाठी?" असं विचारलं तर शिक्षा त्याला होत नाही, बाकीच्या दहाजणांना होते. मग ते दहाजण त्याला कोपऱ्यात घेऊन काय करतात, ते दिसत नाही. नुसते आवाज येतात. दुसऱ्या दिवशी ड्रिलमास्तर त्या दहाजणांना "शाब्बास" म्हणतो. अख्ख्या सिनेमात तो एवढं एकच बरं वाक्य बोलतो.

दुसरा भाग लढाईचा. त्या मुलांना नदी ओलांडून एक वीटभट्टी ताब्यात घ्यायची असते. ते ती घेतात. तीन दिवस धरून ठेवतात. अकराचे चार उरतात. चौथ्या दिवशी वरून निरोप येतो, की नकाशा वाचण्यात चूक झाली, ती भट्टी ही नव्हेच. आणि शेवटच्या दृश्यात त्याच पत्र्याच्या शेडमध्ये नवी अकरा मुलं रांगेत उभी असतात.

मी टीव्ही बंद केला आणि मनात म्हटलं, काम फत्ते.

त्याच संध्याकाळी चिरंजीवांना कोचावर बसवलं. बाराव्या मिनिटाला त्यांच्या हातात मोबाइल आला आणि अठराव्या मिनिटाला मान एका बाजूला पडली. मी हलवून जागं केलं तर म्हणाले, "बाबा, एवढ्याशा टीव्हीवर काय कळणार? मोठ्या पडद्यावर असतं तर बघितलं असतं."

इथे मी 'बरं' म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण मुलाचा जीव वाचवायला निघालेल्या बापाला मोठा पडदा म्हणजे काय मोठं? आमच्या इमारतीत एक सभागृह आहे. दोन वर्षांपूर्वी बांधून झालं, पण उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं यावर एकमत न झाल्याने बंदच होतं. आत एक प्रोजेक्टर खोक्यातच पडून होता आणि त्या खोक्यावर रंगाऱ्यांनी डबे ठेवले होते. मी सेक्रेटरींकडे गेलो.

आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते वाक्यात बोलत नाहीत, परिच्छेदात बोलतात. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं, अर्थात मुलाचं कारण वगळून. मी नुसतं 'एक चांगला सिनेमा' एवढंच म्हणालो होतो. ते म्हणाले, "एकट्या तुमच्या कुटुंबासाठी सभागृह उघडणं नियमात बसत नाही. मात्र सर्व सभासदांसाठी असेल, तर उद्घाटनाचा प्रश्नही मिटतो आणि कोणाच्या हस्ते हाही मिटतो. पडद्याच्या हस्ते. फक्त परवाना तेवढा तुम्ही आणा."

परवाना. हा शब्द ते 'कोपऱ्यावरून दूध आणा' अशा सुरात म्हणाले.

परवाना कचेरीत मी एक दिवसाची रजा टाकून गेलो. पहिल्या खिडकीवर सांगितलं, दुसऱ्या खिडकीवर जा. दुसऱ्या खिडकीवर कोणी नव्हतं, पण पंखा चालू होता, म्हणजे कोणीतरी येणार असा अर्थ काढून मी पाऊण तास उभा राहिलो. शेवटी एक कारकून आला. स्वभावाने चांगला होता, तेच नडलं. त्याने माझा अर्ज माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला.

"कार्यक्रमाचा उद्देश कोरा सोडलाय तुम्ही," तो म्हणाला.

आता तिथे काय लिहिणार? 'मुलाला घाबरवणे' असा उद्देश कुठल्याच छापील नमुन्यात बसत नाही. मी लिहिलं, 'तरुणांना सैनिकी जीवनाची खरी ओळख व्हावी.'

त्याने वाचलं आणि 'खरी' या शब्दावर काट मारली. "खरी लिहिलं की चौकशी लागते. नुसती ओळख ठेवा." मग पुन्हा वाचून म्हणाला, "आणि नुसती ओळख अपुरी वाटते. 'ओळख व प्रोत्साहन' लिहू का? प्रोत्साहन असलं की तिसऱ्या मजल्यावर जावं लागत नाही. सही इथेच होते."

तिसऱ्या मजल्यावर जायचा जिना मी येतानाच पाहिला होता. त्यावर माणसं बसली होती आणि काहीजणांनी चपला काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "लिहा."

"एक प्रत भरती कार्यालयाला जाईल," शिक्का मारता मारता तो म्हणाला. "नेहमीचंच आहे. येत नाही कोणी."

परवाना घेऊन घरी आलो तेव्हा सभागृहाच्या दारावरच्या फलकावर माझं नाव लागलं होतं. 'संयोजक', आणि पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, निळ्या रंगात. आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो. सव्वीस वर्षांत माझं नाव फक्त हजेरीपटावर आणि विजेच्या बिलावर छापलं गेलं होतं. मी तो फलक एकदा जाताना वाचला आणि काही विसरल्यासारखं करून परत येतानाही वाचला. पुढे ज्या ज्या वेळी मी 'नको, राहू द्या' म्हणायला हवं होतं, त्या त्या वेळी तो निळा रंग आडवा आला.

तीन दिवसांनी समितीने सिनेमा आधी तपासून बघितला. समिती म्हणजे सेक्रेटरी, त्यांच्या पत्नी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सिनेमा संपला तेव्हा सेक्रेटरींच्या पत्नींनी डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं, पोचलं.

मग सेक्रेटरी म्हणाले, "आशय उत्तम आहे. मात्र शिव्या काढाव्या लागतील. आपल्याकडे मुली आहेत, ज्येष्ठ आहेत."

"अहो, तो ड्रिलमास्तर शिव्यांशिवाय बोलतच नाही," मी म्हटलं.

"मग त्याचं बोलणं कमी करा."

डॉक्टर म्हणाले, "रक्तही काढा. लहान मुलं येणार. आणि त्या बंदुकीच्या दस्त्याने दात पडतात ना, ते तर काढाच. तसे पडत नाहीत. समोरचे दोन तुटतील, पण मुळासकट येणार नाहीत. लोक माझ्याकडे येऊन विचारतील."

सेक्रेटरींच्या पत्नी फार भल्या बाई आहेत. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मला आवडला हो. फक्त शेवट तेवढा बदला. माणसं उद्घाटनाला येणार, ती हसत घरी जायला हवीत."

"आणि नऊला सभागृह बंद करायचं आहे," सेक्रेटरींनी समारोप केला. "भाषणं धरून."

हे कापाकापीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. संयोजक मीच. ऑफिसातून आल्यावर चार संध्याकाळ मी संगणकासमोर बसलो. आधी शिव्या काढल्या. ड्रिलमास्तर मुका झाला. मग कोपऱ्यातली मारहाण काढली. आता ती दहा मुलं नुसतीच रांगेत उभी होती आणि ड्रिलमास्तर त्यांच्याकडे बघून "शाब्बास" म्हणत होता, एखाद्या प्रेमळ मामासारखा. खड्डा बुजवण्याचं दृश्य वेळेसाठी काढलं. उरलं ते मुलं उन्हात घाम गाळत खणताहेत, पाठीमागे संगीत. लढाईतलं रक्त काढल्यावर अकराही मुलं शेवटपर्यंत जिवंत राहिली. नदी ओलांडून ती ओरडत धावली आणि भट्टीच्या धुराड्यावर त्यांनी निशाण लावलं. नकाशाची चूक शेवटात येत होती, ती शेवटाबरोबर गेली.

सगळं मिळून अडतीस मिनिटं झाली. बायकोला दाखवलं. तिने हातातली भाजी निवडायची थांबवून पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मुलाला घाबरवणार होतात ना?"

"हो."

"मग हे बघून मलाच भरती व्हावंसं का वाटतंय?"

मी म्हटलं, मुख्य पाहुण्यांच्या भाषणात सगळं भरून निघेल.

मुख्य पाहुणे आमच्याच तळमजल्यावर राहतात. सगळे त्यांना फौजीकाका म्हणतात. त्यांनी बावीस वर्षं नव्या मुलांना कवायत शिकवली होती. आमच्याकडे राहायला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं असेल तर 'काका, गाडी जरा पुढे घेता का' एवढंच. मी आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा ते खुर्चीवर ताठ बसले होते. मी त्यांना न कापलेल्या सिनेमाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खड्ड्याचं बरोबर आहे. मीही बुजवून घ्यायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "बोलेन मी. बोलायचंच आहे मला."

पडदा तळमजल्यावरच्याच शिलाईवाल्या वहिनींनी शिवून दिला. त्यांचं जिन्याखाली छोटंसं दुकान आहे; एक यंत्र, एक स्टूल आणि भिंतीवर लटकवलेले दुसऱ्यांचे कपडे. नवरा गेल्यापासून त्या यंत्रावर त्यांनी मुलाला वाढवलं. मुलगा चिरंजीवांचा मित्र, शाळेपासूनचा. अंगाने इतका बारीक, की सगळे त्याला काडी म्हणत, वहिनीसुद्धा. वहिनींनी आठ पांढऱ्या चादरी जोडून पडदा केला आणि शिलाई घ्यायला नकार दिला. "चांगल्या कामाला कसले पैसे?" असं म्हणाल्या. मी त्यांना पटवायचा फारसा प्रयत्न केला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मी दारात उभा होतो. साडेसहाला एक हिरवी जीप येऊन थांबली आणि तिच्यातून दोन गणवेशधारी उतरले. एक तरुण अधिकारी आणि एक जाड मिशांचा. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, परवान्याची प्रत दाखवली आणि "टेबल कुठे लावू?" असं विचारलं. टेबल त्यांनी बरोबर आणलं होतं. त्यावर भरतीच्या अर्जांचा गठ्ठा, एक वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी.

परवाना कचेरीतल्या त्या भल्या कारकुनाचं 'येत नाही कोणी' मला आठवलं. अधिकारी म्हणाला, "प्रोत्साहनासाठी सहसा कोणी परवाना मागत नाही, साहेब. आमच्या साहेबांनी फाइल बघून मुद्दाम पाठवलं." आणि त्याने मला त्या गर्दीसमोर कडक सलाम ठोकला. सेक्रेटरींची छाती फुगली.

सिनेमा सुरू झाला. आठ चादरींची शिवण नेमकी मध्यावर आली होती, त्यामुळे प्रत्येक मुलाचं तोंड उभं चिरल्यासारखं दिसत होतं. पण लोकांना त्याचं काही वाटलं नाही. "शाब्बास"ला टाळ्या पडल्या. नदीला पडल्या. निशाणाला तर लोक उठून उभे राहिले. मी मागे वळून चिरंजीवांना शोधलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या खुर्चीवर काडी बसला होता, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. त्याने पापणीही हलवली नसेल.

मग फौजीकाका बोलायला उभे राहिले. माइकचा आवाज कमीजास्त करायचं बटण माझ्याजवळ होतं.

"हे संपलं?" त्यांनी आधी मलाच विचारलं. लोक हसले. मग ते म्हणाले, "मी बावीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली. हुकूम आला की आधी करायचं, विचार नंतर. पोरगं चांगलं असलं तर तीन महिन्यांत शिकतं. फार चांगलं असलं तर सहा आठवड्यांत. जी सहा आठवड्यांत शिकली, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. कारण तीच आधी—"

सेक्रेटरींनी पहिल्या रांगेतून मला हाताने खूण केली. मनगटावर बोट ठेवून आधी वेळ दाखवली आणि मग गळ्यावरून बोट फिरवलं. गणवेशातला तरुण अधिकारी खाली बघत होता. चारशे डोळे माझ्याकडे आहेत असं मला वाटलं. दारावर निळ्या रंगात माझं नाव होतं.

मी बटण फिरवलं.

फौजीकाका माइकशिवाय थोडा वेळ बोलत राहिले. एकामागून एक नावं घेत होते बहुतेक; ओठ तसे हलत होते. पहिल्या रांगेने ऐकलं असेल. मग टाळ्या सुरू झाल्या, सेक्रेटरींनी पुष्पगुच्छ पुढे केला आणि चहाची घोषणा झाली. काकांनी पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि ते मागच्या दाराने निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. गाडी पुढे घ्यायला सांगितली तरी निमूटपणे घेतात.

चहा पिता पिता लोक टेबलाभोवती जमले. तीन मुलांनी अर्ज भरले. पहिला काडी.

मी धावत गेलो. "अरे, जरा थांब. घरी विचार तर कर."

"विचार झालाय, काका," तो म्हणाला. डोळे नुसते चमकत होते. "तुमचा सिनेमा बघताना झाला."

त्याला वजनकाट्यावर उभं केलं. दोन किलो कमी भरलं. माझा जीव भांड्यात पडला, पण जाड मिशांचा माणूस मायेने म्हणाला, "महिन्याची मुदत आहे, बाळ. केळी खा." तो महिनाभर वहिनींनी त्याला सकाळ-संध्याकाळ केळी खाऊ घातली. दुकानात शिवायच्या कपड्यांशेजारी केळ्यांचा घड टांगलेला असायचा. येताजाता मला तो दिसायचा आणि मी एखाद-दुसरं पिवळं केळं कमी झालंय का हे मोजायचो.

आमचे चिरंजीव त्या संध्याकाळी जिन्यात मोबाइल चार्ज करत बसलेले सापडले. मी विचारलं, "तू सिनेमा का नाही बघितलास?"

"बघितला की थोडा. ते चारला उठतात ते बघितलं आणि बाहेर आलो." मग माझ्याकडे बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, तुम्हाला अजून वाटतंय का मी सैन्यात जाणार? ते निकालाच्या दिवशी बोललो होतो हो. तुम्ही मार्क विचारू नयेत म्हणून."

पुढे तो अॅनिमेशनच्या कोर्सबद्दल काही सांगत होता.

दुसऱ्या आठवड्यात मी मनाचा हिय्या करून वहिनींच्या दुकानात गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. खरा सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा आहे, मी तो कापला, का कापला, कोणासाठी आणला होता, सगळं. पेनड्राइव्ह खिशात होता. वहिनी कोणाच्या तरी पँटची खालची पट्टी दुमडून शिवत होत्या. त्यांनी यंत्र थांबवलं, मला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"वहिनी, काडीबद्दल बोलायचं होतं."

"तुम्ही बसा आधी. तुमचे उपकार कसे फेडू मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, हा नुसता बसून होता. शिकण्यात लक्ष नाही, कामात नाही. मला वाटायचं, माझ्यामागे याचं काय होणार? आता पहाटे उठून पळतो. स्वतःचं ताट स्वतः घासतो. तुम्ही तो सिनेमा आणला नसतात तर..." त्यांनी पदराने डोळे टिपले.

"वहिनी, सिनेमात सगळं खरंच दाखवतात असं नाही."

"ते कळतं मला. मी काय लहान आहे? धोका असतोच. धोका जिन्यावरून उतरतानाही असतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, "तुमच्या मुलाने नाही भरला अर्ज?"

खिशात हात होता. पेनड्राइव्ह हाताला लागत होता.

"त्याचे डोळे," मी म्हटलं. "नंबर जास्त आहे. घेत नाहीत."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. प्रत्येकाच्या नशिबी नसतं ते. तुमच्या मुलाचं नाही झालं, काडीचं झालं. काडी तुमचाच समजा."

मी उठून आलो. विम्याच्या कामात खोटे दावे ओळखायला मी शिकलो आहे. पण इतका बेमालूम खोटेपणा सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर आला नव्हता.

काडी गेला. मुदतीच्या आत दोन किलो भरले. उलट चारशे ग्रॅम वरच. निघाला त्या दिवशी इमारतीच्या फाटकाशी सगळे जमले. सेक्रेटरींनी मला पुढे केलं, "संयोजकांनी चार शब्द बोलावेत." मी बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे चांगलंच बोललो असणार.

सात महिन्यांनी तो रजेवर आला. मला भेटायला मुद्दाम वर आला. दारात बूट काढले, ते जोडीने भिंतीला लावून ठेवले, आणि मी "बस" म्हणेपर्यंत उभा राहिला. अंगाने भरला होता. पूर्वी हा मुलगा आमच्या घरी आला की फ्रीज उघडून काय काय आहे ते मोठ्याने वाचायचा. आता पाणी दिलं तेव्हा पेला दोन हातांनी घेतला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

चिरंजीव बाहेर गेले होते. बायको स्वयंपाकघरात होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काडी," मी म्हटलं, "आपल्याकडे दाखवला तो सिनेमा पूर्ण नव्हता. बराचसा कापलेला होता. मीच कापला."

"माहीत आहे, काका," तो म्हणाला. "आम्हाला तिकडे पूर्ण दाखवला."

"तिकडे? कोणी?"

"कॅम्पवर. रविवारी सिनेमा असतो. मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, आमच्या काकांनी हा आणला होता म्हणून."

"पूर्ण म्हणजे शिव्यांसकट? मारहाण, भट्टी, सगळं?"

"सगळं."

"मग? मुलांना काय वाटलं?"

"मजा आली." तो पहिल्यांदा जरासा हसला. "त्या ड्रिलमास्तरच्या शिव्या आता सगळ्यांना पाठ आहेत. आमचे मास्तरसुद्धा त्याच देतात. त्या कोपऱ्यातल्या मारहाणीला तर पोरं शिट्ट्या मारत होती. आमच्यातही एक होता तसा, का-का विचारणारा."

"होता?"

"आता नाही विचारत."

हे त्याने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून पुन्हा आलेली दिसत होती.

"आणि शेवट?" मी विचारलं. "भट्टी चुकीची निघते तो?"

तो विचारात पडला. आठवून बघत होता. "तो बघायचा राहिला. जेवणाची शिट्टी झाली."

खालून वहिनींनी हाक मारली. तो लगेच उठला. अर्ध्या वाक्यात, पेला हातात असताना. मग पेला हातात आहे हे लक्षात आल्यावर त्याने तो स्वयंपाकघरात नेऊन विसळला, पालथा घातला आणि दारात येऊन बूट घातले. नाड्या बांधता बांधता म्हणाला, की त्याच्या तुकडीत सर्वांत आधी तयार झालेल्या सहाजणांत त्याचं नाव आहे. साडेपाच आठवड्यांत. पुढच्या सोमवारी त्यांना पुढे, सीमेवर पाठवणार आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही सांगाल का, तुमचं ती ऐकते.

मी म्हटलं, "सांगतो."